तीन उन्हांच्या साली

वाशीमच्या बाजारात केशरीचंद आणि जवरीलाल या दोघा भावांचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागेच घर. घरात दोन जावा, थोरली जतनबाई आणि धाकटी पानाबाई. अकरा वर्षं दोघींचं एका चुलीवर शिजत होतं आणि अकरा वर्षं दोघी एकमेकींना पाण्यात पाहत होत्या. लोक म्हणायचे, आधी गोडी होती, मग कुणाची तरी नजर लागली. कसली गोडी आणि कसली नजर. पहिल्या हिवाळ्यापासून दोघींचं वाकडंच होतं.

त्याचं कारणही साऱ्या आळीला पाठ होतं. पानाबाई अनसिंगहून लग्न होऊन आली तेव्हा सोळा वर्षांची होती. एका संध्याकाळी तिनं साखरेचा कच्चा पाक झाकून ठेवला आणि दमून झोपली. जैनाच्या घरी असा ओला पाक रात्र ओलांडून खात नाहीत, तो बासी होतो. हे पानाबाईला माहीत नव्हतं असं नाही, ती विसरली. दुसऱ्या दिवशी जतनबाईनं आळीतल्या चार बायका बोलावून त्यांच्यासमोर ते पातेलं राखेत उपडं केलं. तिथं संपलं असतं तर पानाबाईही विसरली असती. पण पुढची अकरा वर्षं घरी जो पाहुणा आला, त्याला जतनबाईनं जेवणासोबत ही गोष्टही वाढली. आणि पानाबाईनं एखाद्या चांगल्या भांड्याला हात घातला की जतनबाईचं ठरलेलं वाक्य असायचं, "राहू दे पाना. तू हात नको लावू."

जतनबाईला एवढा ताठा करायला जागा होती, हेही सांगितलं पाहिजे. संत्र्याच्या सालींचा पाकातला सुका मेवा करावा तर तिनंच. साली बोटाएवढ्या लांब कापायच्या, आतला पांढरा पापुद्रा चमच्यानं खरवडायचा, एक रात्र चुन्याच्या निवळीत ठेवायच्या म्हणजे करकरीत राहतात. मग चार दिवस गाळलेल्या पाण्यात, सकाळ-संध्याकाळ पाणी बदलत. कडूपणा उतरला की एक उकळी, मग तीन तारी पाक आणि शेवटी गच्चीवर तीन उन्हं. तीन म्हणजे तीनच. दोन उन्हांची साल आत ओलसर राहते आणि धर्म पाळणारं माणूस ती तोंडात घालत नाही. तिसऱ्या उन्हानंतर साल मोडली की काचेच्या बांगडीसारखी कट वाजली पाहिजे. जतनबाईच्या साली वाजायच्या. मेहकरपासून कारंज्यापर्यंत लग्नाकार्यात त्यांचं नाव निघायचं.

पण या कामात एक अडचण येऊन बसली होती, ती आठ वर्षांपूर्वीची. केशरीचंद विषमज्वरानं अंथरुणाला खिळले होते, वैद्यानं हात टेकले होते. तेव्हा जतनबाईनं जैन मुनिमहाराजांसमोर हात जोडून बाधा घेतली, धनी उठले तर जन्मभर संत्रं खाणार नाही, फोड नाही, रस नाही आणि सालही नाही. संत्रं हीच तिची सगळ्यात आवडती वस्तू होती. केशरीचंद उठले. जतनबाईनं तेव्हापासून सालीचा कण जिभेला लावला नाही, आणि आळीतल्या सासवा सुनांना त्या बाधेचा दाखला देऊ लागल्या.

साली मात्र ती करतच राहिली. आता कडूपणा उतरला की नाही हे चाखल्याशिवाय कळत नाही, डोळ्यांना दिसत नाही आणि नाकाला समजत नाही. घरचे पुरुष तंबाखू खाणारे, त्यांना कारलं दिलं तरी गोड. मुलगी सायर आईला इतकी भ्यायची की आईचं तोंड पाहून चव सांगायची. पाणी भरायला आणि भांडी घासायला येणारी रिठदची गोमतीबाई तांड्यावरची, तिनं चाखलं तर डबा बाटला असं जतनबाईचं शास्त्र. राहिली कोण? पानाबाई. आणि दैवाची गंमत अशी, की देवानं त्या घरात खरी जीभ दिली होती ती तिलाच. वरणाचा घोट घेऊन पानाबाई सांगायची, पाणी आपल्या विहिरीचं आहे की देवळाच्या. जतनबाईला ते माहीत होतं आणि तेच तिला सहन होत नव्हतं.

म्हणून दर वर्षी साली करताना एक सोहळा व्हायचा. जतनबाई वाटीत सालीचा तुकडा घालून वाटी पुढे सरकवायची, तोंड दुसरीकडे करून. पानाबाई चाखायची आणि म्हणायची, "कडू हाये," किंवा "उतरला." त्याउपर शब्द नाही. सात वर्षं पानाबाईनं एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. मनात आलं नसेल असं नाही, पण ती तिची एकच गोष्ट होती जिच्यात तिला कुणी नावं ठेवू शकत नव्हतं, आणि ती तिला घाण करायची नव्हती.

वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं त्याच्या पुढच्या चैत्रातली ही गोष्ट. गुरुवारी मेहकरहून पत्र आलं. सायरला पाहायला मुलाचे वडील आणि आत्या झमकूबाई पुढच्या गुरुवारी येत आहेत. खाली एक ओळ होती, तुमच्या घरच्या संत्र्याच्या साली आत्याच्या अजून लक्षात आहेत.

सायर सतरा वर्षांची. तिला आधी दोन ठिकाणांहून नकार आला होता, सावळी म्हणून. केशरीचंदांनी शेवटचं सांगून टाकलं होतं, की मेहकरचं जमलं नाही तर अकोल्याकडचा तो बीजवर आहे, पस्तिशीचा, दोन लेकरांचा, त्याला होकार कळवून टाकू.  सायर मात्र पत्र आलं त्या दुपारी धान्याच्या खोलीत पानाबाईला गाठून बसली. मेहकरचा मुलगा तिनं शिरपूरच्या देवळात पाहिला होता. पाणपोईवर त्यानं आधी एका म्हातारीला पाणी दिलं आणि मग स्वतः प्यायला, एवढंच तिनं पाहिलं होतं, पण तेवढ्यावर तिनं काय काय रचलं होतं.

"काकी, हे जमन न व?" तिनं विचारलं.

"जमन," पानाबाई म्हणाली. तिला स्वतःला मूल नव्हतं आणि सायरच्या वेण्या तिनंच घातल्या होत्या. त्या घरात तिला जीव लावणारं तेवढं एकच माणूस होतं.

गोमतीबाईच्या हाती निरोप गेला आणि शुक्रवारी सकाळी ती रिठदच्या बागेतली संत्री टोपल्यात घेऊन आली. जाड सालीची, शेवटच्या तोडीची. पानाबाईनं नखानं साल टोचून वास घेतला आणि तिच्या लक्षात आलं, या सालींना नेहमीपेक्षा जास्त पाणी लागेल. आणि दिवस तर कमी. शुक्रवारची रात्र निवळीत गेली. गुरुवारी पाहुणे, त्याआधी सोम, मंगळ, बुध ही तीन उन्हं हवीतच, म्हणजे पाक रविवारी दिवस बुडायच्या आत झाला पाहिजे. भिजवायला उरले शनिवार आणि रविवार. चार दिवसांचं काम दोन दिवसांत.

शनिवारी संध्याकाळी वाटी पुढे सरकली. पानाबाईनं चाखलं. जिभेच्या मुळाशी कडूपणा चिकटून बसला.

"कडू हाये."

"किती?"

"लय."

 पानाबाईनं विहिरीवरून सहा बादल्या पाणी आणलं, फडक्यातून गाळलं, पाण्यातले जीव मरू नयेत म्हणून फडक्यातलं पाणी परत विहिरीत सोडलं आणि साली नव्या पाण्यात टाकल्या. रविवारी सकाळी परत वाटी आली.

"कडूच हाये, भाभी. अजून दोन दिस पायजेत."

"दोन दिस मी कुठून आणू? माह्या घरी उन्ह साठवून ठेवलं हाये काय?"

"मंग तीनदा उकळून पाणी फेकू. उतरन."

"आन साली लगदा करू? सासूबाईनं एक उकळी सांगतली, एकच देईन मी. तुले सासूबाईच्या हातचं काय माहीत. तू आली तवा त्या गेल्या होत्या."

"मले जिभेचं माहीत हाये. कडू हाये ते कडू हाये."

जतनबाईनं हातातला झारा खाली ठेवला. ती चिडली की तिचा आवाज खाली जायचा.

"सात वर्सं चौथ्या दिवसी उतरते, आन या वर्सीच उतरत नाई. माह्या पोरीले पाहाले येऊन राह्यले तवाच उतरत नाई. काहून व पाना?"

"संत्री जाड सालीची हायेत. आन अजून दुसराच दिस हाये."

"तुले वाटते मी साली ठेवूच नाई. पाहुण्यानं इचारावं, साली कुठी हायेत, आन मी खाली मान घालावी."

"पाणी मीच काढते, भाभी. खोटं बोलून मी माहंच काम वाढवू काय?"

"दुसऱ्याचं वाईट होत असन तर तू अख्खी विहीर उपसशीन," जतनबाई म्हणाली. "तुही कूस उघडली नाई म्हणून माह्या पोरीचं घर वसू नये असंच वाटते तुले."

हे वाक्य ती गोमतीबाईसमोर बोलली. गोमतीबाई भांडी घासत होती, तिनं हात थांबवला आणि परत सुरू केला. दारात सायर उभी होती, तिनंही ऐकलं आणि ती आत निघून गेली. पानाबाई गुपचूप उठली, बादल्या घेतल्या आणि विहिरीवर गेली. तिथं ती दोर धरून बराच वेळ नुसती उभी राहिली. अकरा वर्षांत पुष्कळ ऐकलं होतं, पण हे कधी ऐकलं नव्हतं. संतापानं तिचे कान तापले होते आणि रडू मात्र येत नव्हतं.

दुपारी तिसऱ्यांदा वाटी आली. जतनबाईनं साखर मोजून कढईत टाकलीच होती, चूल पेटलेली होती. म्हणजे विचारायचं ते नुसतं नावाला.

पानाबाईनं तुकडा तोंडात घातला. थोडा उतरला होता, पण मुळाशी होताच. आणि तिला माहीत होतं, पाकात तो लपत नाही. गोड आधी विरघळतं आणि कडू मागे राहतं.

"बोल," जतनबाई म्हणाली. "अजून कडू हाये असंच म्हणशीन न?"

पानाबाईनं तिच्याकडे सरळ पाहिलं.

"नाई," ती म्हणाली. "उतरला."

जतनबाईच्या तोंडावर जे हसू आलं ते पाहून पानाबाईला क्षणभर इतकं बरं वाटलं की काय सांगावं. खोटं पकडल्याच्या आनंदात जतनबाई हसली होती. तिला वाटलं, दाब दिला तशी बाई खऱ्यावर आली. पानाबाई मनात म्हणाली, हस, गुरुवारपर्यंत हस. सायरचं नाव त्या वेळी तिच्या मनात आलंच नाही. माणूस रागावलं की ज्याच्यावर रागावतं तेवढंच त्याला दिसतं, आणि पानाबाई काही देवी नव्हती.

सायर आठवली ती संध्याकाळी. दिवस बुडायच्या आत जेवणं उरकली, साली पाकातून निघून ताटांत पसरल्या होत्या, आणि सायर पानाबाईजवळ येऊन हळूच म्हणाली, "काकी, माय म्हणते आत्याबाईले सांगाचं का साली मीच केल्या. मी म्हणून देऊ न? चांगल्या झाल्या न?"

पानाबाईच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. मुलीकडच्या घरी असंच सांगतात, पापड मुलीनं लाटले, रुमाल मुलीनं भरला. हे तिला कळायला हवं होतं. तिनं घाव घातला होता जतनबाईवर आणि तो बसणार होता पोरीवर.

"झाल्या," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

सोमवार गेला. ऊन रखरखीत होतं, साली एकाच दिवसात आकसल्या. त्या रात्री पानाबाईनं ठरवलं, सकाळी सांगून टाकायचं. सकाळी जतनबाई समोर आली, तिनं आल्या आल्याच म्हटलं, "हे पाय पाना, खरं बोललं का काम कसं सोपं होते," आणि पानाबाई बादल्या उचलून विहिरीवर निघून गेली. मंगळवार असा गेला. आणि सांगून तरी काय होणार होतं? नव्या साली करायला तीन उन्हं उरली नव्हती. एकच उपाय होता, की त्या साली गुरुवारी ताटलीत येऊच नयेत. गच्चीवर माकडं येतात, ताट उलटलं तर कुणी कुणाला बोल लावणार नाही. ताटलीत चिवडा येईल, लाडू येतील, साली नसतील एवढंच.

बुधवारी भर दुपारी घर झोपलेलं असताना पानाबाई गच्चीवर गेली. ताटांवरचं पातळ फडकं तिनं काढलं. साली पिवळ्या-केशरी, साखरेनं चकाकत होत्या, दिसायला आजवरच्या सगळ्यांत देखण्या. एक मोडून पाहिली तर कट वाजली. तिनं ताट उचललं आणि कठड्याशी नेलं. खाली मागच्या बोळात धूळ होती आणि एक गाय बसली होती.

"थांब."

जतनबाई जिन्याच्या तोंडाशी उभी होती. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून तिनं कपाळावर हात धरला होता.

"ठेव ते ताट खाली."

पानाबाईनं ताट ठेवलं नाही, पण फेकलंही नाही. आज वाटतं, तेव्हाच फेकलं असतं तर बरं झालं असतं. पण दहा वेळा हुकूम ऐकलेला हात अकराव्या वेळीही ऐकतो.

"भाभी, या साली ठेवू नका. कडू हायेत. मी रविवारी खोटं बोलली."

जतनबाई चालत आली आणि तिनं दोन्ही हातांनी ताट ओढून घेतलं. दोन-तीन तुकडे खाली पडले. ती वाकून तेही वेचू लागली.

"मले वाटलंच होतं," ती म्हणाली. "आधी म्हणे कडू, मंग म्हणे उतरला. आता फेकाले निघाली तं परत म्हणे कडू. तुले या घरातून या पोरीची वरात निघूच द्याची नाई."

"एक तुकडा शेजारणीले द्या. गोमतीले द्या. कोनालेही द्या आन इचारा."

"गोमतीले?" जतनबाईनं पडलेला तुकडा फुंकून ताटात ठेवला. "पाहुण्याआधी कोनी तोंड लावाचं नाई. आन तू खाली जा. उद्या पाहुणे जाईपर्यंत तू कायलेच हात नको लावू."

त्या संध्याकाळी साली पितळी डब्यात गेल्या, डबा कपाटात आणि कपाटाची किल्ली जतनबाईच्या कमरेला. पानाबाईनं नवऱ्याला सांगून पाहिलं. जवरीलाल पानाला चुना लावत होता. "बायकांच्या साली-फालीत मी नाई पडत," असं म्हणून त्यानं पान तोंडात टाकलं. मोठ्या भावासमोर त्यानं आयुष्यात तोंड उघडलं नव्हतं, ते पान खाण्यासाठी तेवढं उघडायचा.

गुरुवारी दुपारी मोटारीनं पाहुणे आले. पुरुष ओसरीवर बसले. झमकूबाई आत, मोठ्या खोलीत, जाजमावर. साठीची बाई, हाडकुळी, दात सगळे शाबूत आणि नजर शिंप्याची. तिनं सायरला जवळ बसवलं, हात पाहिले, केस पाहिले, सामायिकाचा पाठ विचारला, आणि सायरनं तो न अडखळता म्हणून दाखवला. "सावळी हाये, पण तोंड हसरं हाये," झमकूबाई म्हणाली. जतनबाईनं सुटकेचा श्वास सोडला तो भिंतीशी उभ्या असलेल्या पानाबाईलाही ऐकू आला. खरं सांगायचं तर तिनंही तसाच सोडला होता. गोष्ट जमल्यातच जमा होती.

मग साली आल्या.

"किती उन्हं देल्ली?" झमकूबाईनं विचारलं.

"तीन," सायर म्हणाली. तिला पढवलेलं होतं.

झमकूबाईनं एक साल कानाशी धरून मोडली. कट आवाज आला. तिनं मान डोलावली आणि अर्धा तुकडा तोंडात टाकला. दोन-तीनदा चावला. आधी तिचं तोंड गोडानं सैल झालं. मग जबडा थांबला. तिनं तुकडा गिळला आणि उरलेला अर्धा ताटलीच्या कडेला ठेवून दिला.

"पोरी, तूच केल्या काय?"

"हो."

"चाखल्या होत्या?"

सायरनं आईकडे पाहिलं. पढवण्यात हा प्रश्न नव्हता.

"काहून, काय झालं?" जतनबाई म्हणाली.

"काई नाई. पाणी द्या जरा."

पाणी सायरनंच दिलं. जतनबाई ताटलीकडे पाहत राहिली, मग पानाबाईकडे. तिच्या डोळ्यांत राग तर होताच, पण पानाबाईला तिथं पहिल्यांदा भीती दिसली. आणि मग जतनबाईचा हात ताटलीकडे गेला.

पानाबाईनं पुढे होऊन तिचं मनगट धरलं. अकरा वर्षांत तिनं या बाईला हात लावला नव्हता.

"खाऊ नका, भाभी. बाधा हाये तुमची." मग ती झमकूबाईकडे वळली. "आत्याबाई, साली पोरीनं नाई केल्या. भाभीनं केल्या, आन मी चाखल्या. कडू हायेत हे मले माहीत होतं. रागाच्या भरात मी खोटं बोलली. यात पोरीचा काई दोस नाई."

 ओसरीवरून केशरीचंद उठून दाराशी आले होते. पानाबाईला वाटलं, आता काय व्हायचं ते माझं होईल. घरातून काढतील, माहेरी पाठवतील, पण पोरगी सुटली.

जतनबाईचा आवाज खाली गेला.

"पाहा, झमकूबाई. रविवारी ही बाई म्हणे गोड. काल ताट घेऊन फेकाले निघाली. आता तुमच्यासमोर म्हणे कडू. माह्या पोरीचं मोडाले ही अजून काय काय करन ते पाहा तुमी." ती पानाबाईकडे वळली. "हात सोड."

"भाभी, जेठजीसाठी घेतली हाये बाधा."

"तुह्या जिभेवर इस्वास ठेवण्यापरीस मी बाधा मोडन. सोड."

तिनं मनगट हिसकून घेतलं, ताटलीतली साल उचलली आणि तोंडात घातली.

तीन उन्हांची साल लवकर चावली जात नाही. सगळे पाहत होते आणि जतनबाई चावत होती. आधी गोड लागलं असावं, कारण तिनं मान वर केली, जिंकल्यासारखी, आणि पानाबाईकडे पाहिलं. आठ वर्षांनी संत्रं तिच्या जिभेवर आलं होतं. मग साखर सरली. तिची मान हळूहळू खाली आली. पाहुण्यांसमोर थुंकता येत नव्हतं, म्हणून ती चावत राहिली आणि डोळ्यांतून पाणी गळत असताना शेवटी तिनं साल गिळली. दारात केशरीचंद उभे होते, धडधाकट, आणि तिला त्यांच्याकडे पाहवत नव्हतं.

"कडू हाये," ती म्हणाली.

अकरा वर्षांत पानाबाईचं म्हणणं तिनं पहिल्यांदा कबूल केलं ते असं.

झमकूबाईनं पदर सावरला. वाईट काही बोलली नाही, सायरच्या डोक्यावरून हातही फिरवला. पण उठताना म्हणाली, "साल कडू निघाली तं निघाली, त्याचं काई नाई. पण पोरगी हो म्हणाली. आन या घरात खरं कोनतं ते मले समजलं नाई." पाचच्या मोटारीनं ते गेले. पत्र पाठवतो म्हणाले, आणि 'पत्र पाठवतो' म्हणण्याचा अर्थ त्या घराला याआधी दोनदा कळला होता.

संध्याकाळ व्हायला आली तरी चूल पेटली नव्हती. जतनबाई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. केशरीचंद दुकानात जाऊन बसले, आणि अकोल्याला पत्र लिहायला त्यांनी दौत मागवली हे जवरीलालनं येऊन सांगितलं. सायर एकटीच मोठ्या खोलीतलं आवरत होती. तिनं जाजम झटकलं, पेले गोळा केले, उरलेल्या साली ताटलीतून डब्यात भरू लागली. तिच्या सगळ्या हालचाली शांत होत्या.

पानाबाई दाराशी किती वेळ उभी होती कोण जाणे. शेवटी ती आत गेली आणि पेल्यांचं ताट उचलायला वाकली.

सायरनं ताट आपल्याकडे ओढून घेतलं. वर न पाहता, आईच्याच त्या खालच्या आवाजात ती म्हणाली, "राहू दे काकी. तू हात नको लावू."